केरसुणी आणि परीस : जॉर्ज हर्बर्टचे जीवन

१६०१ सालच्या एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत लंडननजीकच्या चेरिंग क्रॉस येथील एका मोठ्या घरात मुदपाकखान्याची वही रोजच्या रोज लिहिली जात होती. कोणत्या दिवशी काय रांधले आणि पंगतीला कोण बसले याची नोंद घरचा कारभारी तीत करीत असे. पाहुण्यांत संगीतकार विल्यम बर्ड होता, इतिहासकार विल्यम कॅम्डेन होता. घर मॅग्डलेन हर्बर्ट या विधवेचे होते, आणि तिच्या दहा मुलांपैकी एक होता आठ वर्षांचा जॉर्ज. ज्याच्या कवितेने जमीन, खिडकी, कुलूप, कप्पी आणि जेवणाचे टेबल यांना इंग्रजी भक्तिकाव्यात कायमचे स्थान मिळवून दिले, त्या कवीच्या चरित्राचा आरंभ या वहीपासून करणे गैर ठरू नये.

जॉर्ज हर्बर्टचा जन्म ३ एप्रिल १५९३ रोजी वेल्समधील माँटगोमेरी येथे झाला. घराणे सरदारी, पेम्ब्रोकच्या अर्लांशी नाते असलेले. वडील १५९६ मध्ये वारले आणि मुलांचे सारे संगोपन आईने केले. तिची कर्तबगारी असामान्य होती. जॉन डनसारखा कवी तिचा स्नेही होता. थोरला भाऊ एडवर्ड पुढे तत्त्वचिंतक आणि फ्रान्समधील राजदूत म्हणून नावाजला. जॉर्ज वेस्टमिन्स्टर शाळेतून १६०९ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात आला. दुसऱ्याच वर्षी त्याने आईला दोन सुनीते पाठविली व आपली काव्यशक्ती केवळ ईश्वराच्या कामी यावी असा संकल्प कळविला. तरुणपणी असे संकल्प पुष्कळ जण करतात. हर्बर्टचा संकल्प खरा ठरला, पण त्याला वीस वर्षांचे वळण घ्यावे लागले.

ते वळण दरबाराचे होते. १६२० मध्ये तो विद्यापीठाचा अधिकृत वक्ता झाला. राजे, राजपुत्र आणि सरदार यांना विद्यापीठाच्या वतीने लॅटिनमध्ये पत्रे लिहिणे, त्यांच्या स्वागताची भाषणे करणे, हे त्या पदाचे काम. या पदावरून राज्यकारभारातील मोठ्या जागा मिळाल्याची उदाहरणे ताजी होती आणि हर्बर्टच्या मनात तशी आकांक्षा नव्हती असे म्हणणे श्रद्धाळूपणाचे होईल. १६२४ मध्ये तो माँटगोमेरीतर्फे पार्लमेंटमध्ये बसला. परंतु त्याच वर्षी रिचमंडचा ड्यूक वारला. १६२५ मध्ये हॅमिल्टनचा मार्क्विस आणि पाठोपाठ राजा जेम्स. आधार देणारे तिघेही गेले. प्रकृती मूळचीच नाजूक, त्यात वारंवार ताप. डीकनची दीक्षा घेऊनही त्याने लगेच कोणत्या गावाचा भार पत्करला नाही. पुढील काही वर्षे हा बुद्धिमान माणूस नातेवाइकांच्या आणि स्नेह्यांच्या घरी, बव्हंशी आजारी आणि बिनकामाचा, राहिला.

या रिकाम्या वर्षांकडे चरित्रकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. त्याच्या कवितेतील घरगुती वस्तूंचे मूळ येथे आहे. ‘अफ्लिक्शन’ या शीर्षकाच्या पहिल्या कवितेत त्याला झाडाचा हेवा वाटतो, कारण झाड कोणाच्या तरी उपयोगी पडते. ‘एम्प्लॉयमेंट’ या नावाच्या दोन कवितांतही हीच तळमळ आहे. स्वतः निरुपयोगी झालेल्या माणसाची दृष्टी वापरात असलेल्या वस्तूंवर खिळते. विहिरीची कप्पी, दाराचे कुलूप, खिडकीची काच यांपैकी प्रत्येकीला काम आहे आणि आपल्याला नाही, या जाणिवेतून वस्तूंकडे पाहणे निराळे आणि उपदेशासाठी दृष्टांत शोधणे निराळे. हर्बर्टने दुसरे केले ते पहिल्यानंतर.

१६२६ मध्ये त्याला हंटिंग्डन परगण्यातील लेटन ब्रॉम्सवोल्ड येथील चर्चचे उत्पन्न मिळाले. चर्च पडीक होते. त्याने वर्गणी जमवून ते पुन्हा उभे केले आणि प्रार्थना वाचण्याची व्यासपीठिका व प्रवचनाची व्यासपीठिका एकाच उंचीच्या करविल्या, जेणेकरून प्रार्थनेपेक्षा प्रवचन थोर असे कोणास वाटू नये. सुताराच्या मापातून धर्मशास्त्रातील एक वाद मिटविण्याची ही रीत त्याच्या स्वभावाला धरून आहे. १६२७ मध्ये आई वारली. डनने स्मृतिप्रवचन दिले. हर्बर्टने लॅटिन व ग्रीक कवितांनी तिला श्रद्धांजली वाहिली. त्यानंतर त्याने विद्यापीठाचे वक्तेपद सोडले, मार्च १६२९ मध्ये जेन डॅन्व्हर्सशी विवाह केला, आणि १६३० मध्ये सॉल्झबरीजवळच्या बेमर्टन या खेड्याचा धर्मगुरू झाला.

बेमर्टनचे चर्च अगदी लहान. समोरच रस्त्यापलीकडे धर्मगुरूचे पडके घर होते; ते हर्बर्टने स्वखर्चाने दुरुस्त केले. येथे तो जेमतेम तीन वर्षे जगला. आठवड्यातून दोनदा तो सॉल्झबरीच्या कॅथीड्रलमध्ये संगीत ऐकण्यास पायी जाई. अशाच एका फेरीत भाराखाली कोसळलेला घोडा आणि त्याचा गरीब मालक त्याला दिसला. त्याने अंगावरचा झगा उतरवून ओझे उतरविण्यास व पुन्हा लादण्यास हात लावला आणि मळलेल्या वेषात मित्रांसमोर गेला, अशी हकीकत आयझॅक वॉल्टनने १६७० मध्ये लिहिलेल्या चरित्रात येते. वॉल्टनचा ओढा संतचरित्राकडे आहे हे मान्य करूनही ती अविश्वसनीय वाटत नाही.

बेमर्टनच्या काळातील त्याचा गद्यग्रंथ ‘द कंट्री पार्सन’ याची प्रस्तावना १६३२ ची आहे. खेड्यातील धर्मगुरूने कसे वागावे हा त्याचा विषय. प्रत्यक्षात हा ग्रंथ वस्तूंनी गजबजलेला आहे. चर्च झाडलेले असावे, धूळ व कोळिष्टके नसावीत. घरातील सामान साधे, पण स्वच्छ असावे. औषधे अत्तार्‍याकडून आणण्यापेक्षा परसातील वनस्पतींची मलमे व पोटिसे घरीच करावीत, कारण ती खिशाला परवडतात आणि लोकांच्या अंगवळणी पडलेली असतात. आठवड्याच्या कामाच्या दिवशी दुपारी धर्मगुरूने घरोघर जावे, म्हणजे लोक आपापल्या उद्योगात असताना भेटतात. झोपडी कितीही हलकी असो, वाकून आत शिरावे लागो, दुर्गंध येवो, तरी आत जावे. ईश्वर तेथेही आहे.

या ग्रंथातील धर्मप्रश्नोत्तरीवरचे प्रकरण विशेष महत्त्वाचे आहे. मुलांनी उत्तरे पाठ करून म्हणावीत हा प्रघात हर्बर्टला अपुरा वाटतो. सॉक्रेटिसाप्रमाणे प्रश्नामागून प्रश्न विचारून, शिकणाऱ्याला ठाऊक असलेल्या गोष्टीपासून ठाऊक नसलेल्या सत्याकडे न्यावे, असे तो सुचवितो. माणसाची पतित अवस्था समजावयाची तर खड्ड्यात पडलेल्या माणसाने काय करावे हे विचारावे. नांगरधारी शेतकऱ्यालाही उत्तर देता येते. बायबलमध्ये नांगर, कुऱ्हाड, धान्याचे माप, खमीर, पावा वाजवून नाचणारी मुले येतात, याचा अर्थ तो असा लावतो की नित्य वापरातील वस्तू केवळ राबण्यासाठी नाहीत. त्या धुऊन घासून स्वच्छ केल्या असता स्वर्गीय सत्यावर प्रकाश टाकू शकतात. घासून पुसून ठेवलेल्या भांड्यांची ही कल्पना मुदपाकखान्यातून आली आहे, हे सांगावयास नको.

‘द टेम्पल’ या संग्रहातील कविता या विचाराची उदाहरणे म्हणून वाचल्या तर त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांत वस्तू सहजासहजी धडा देत नाही. ‘रिडेम्प्शन’मध्ये एक कूळ कमी खंडाचा नवा पट्टा मागण्यासाठी धनाढ्य जमीनमालकाला शोधीत हिंडते आणि तो त्याला भलत्याच ठिकाणी, चोरदरोडेखोरांच्या गर्दीत, प्राण सोडताना सापडतो. ‘द पुली’मध्ये शीर्षकात कप्पी आहे, कवितेत तिचा उल्लेखही नाही, माणसाला विश्रांती नाकारण्यातच त्याला वर ओढण्याची योजना आहे, हे वाचकाने ताडावयाचे. ‘द चर्च-फ्लोअर’मध्ये मृत्यू दारातून फुंकर घालून फरशीवर धूळ उडवितो आणि नासधूस करावयास आलेला तोच जमीन झाडून जातो. ‘द कॉलर’ तर उघड बंड आहे. कवी टेबलावर हात आपटून ही सारी बंधने झुगारतो, आणि शेवटी मूल म्हणून मारलेली एक हाक त्याला थांबविते. संग्रहातील ‘लव्ह’ नावाच्या अखेरच्या कवितेत संकोचलेल्या पाहुण्याला यजमान जेवावयास बसवितो, एवढेच घडते. फ्रेंच विचारवंत सिमोन वेल हिच्या १९३८ मधील आध्यात्मिक अनुभवाशी या कवितेचा संबंध तिने स्वतःच नोंदविला आहे.

सर्वांत प्रसिद्ध कविता ‘दि इलिक्सर’. नोकराने ईश्वरासाठी म्हणून खोली झाडली की ती खोली आणि ते काम दोन्ही उजळतात, असा तिचा आशय. येथे भारतीय वाचकाच्या मनात एक आक्षेप उठल्याशिवाय राहत नाही. जनाबाईंच्या अभंगांत दळणारे हात जनाबाईंचेच आहेत, आणि विठ्ठल त्या जात्याला हात लावतो. हर्बर्टच्या कवितेत केरसुणी नोकराच्या हातात आहे आणि कविता लिहिणाऱ्याच्या घरी नोकर आहेत. राबणाऱ्याला राबणे पवित्र आहे असे सांगणे मालकाच्या सोयीचे असते, हा आक्षेप ‘द टेम्पल’च्या गुणगौरवात विसरला जातो. हर्बर्टने मृत्युपत्रात घरच्या नोकरांना त्यांच्या पगाराहून अधिक रक्कम ठेवली, याने आक्षेपाचे उत्तर मिळत नाही. मात्र कवितेच्या हस्तलिखितातून काही उत्तर मिळते. लंडनच्या डॉ. विल्यम्स ग्रंथालयाच्या संग्रहातील जुन्या प्रतीत या कवितेचे शीर्षक पूर्णता अशा अर्थाचे होते. ते हर्बर्टने खोडले, किमयेच्या रसायनाचे नाव दिले आणि परिसाचा शेवटचा चरण नव्याने जोडला. या बदलाने भर नोकराच्या कर्तव्यपूर्तीवरून स्पर्शाकडे जातो. परिसाला पुढ्यातले लोखंड सरदाराघरचे की झोपडीतले, हे कळत नाही. शिवाय कवितेचा आरंभ प्रथमपुरुषी आहे. शिकवण मागणारा कवी स्वतः आहे आणि नोकर त्याच्यापुढचा धडा आहे. आक्षेप यामुळे नाहीसा होत नाही, पण उपदेशाचा रोख उलटतो.

क्षयाने खंगलेला हर्बर्ट १ मार्च १६३३ रोजी, चाळिसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी, बेमर्टनला वारला. त्याला त्याच लहान चर्चमध्ये पुरले. वरच्या दगडावर काही कोरलेले नव्हते असे जॉन ऑब्रीने नोंदविले आहे. कवितांची वही त्याने लिटल गिडिंगच्या निकोलस फेररकडे पाठविली होती. एखाद्या पीडित जिवाला उपयोग होईल असे वाटल्यास छापावी, नाहीतर जाळावी, असा निरोप होता असे वॉल्टन सांगतो. निरोपातही प्रश्न उपयोगाचाच. फेररने त्याच वर्षी केंब्रिजला ती छापविली. त्याने जमविलेल्या परदेशी म्हणींचा, हजारांहून अधिक म्हणींचा, संग्रह १६४० मध्ये निघाला. ‘द कंट्री पार्सन’ मात्र १६५२ पर्यंत थांबला. तोवर इंग्लंडमध्ये राजाचा शिरच्छेद झाला होता, बिशपांची सत्ता संपली होती आणि ज्या प्रार्थनापुस्तकातून बेमर्टनच्या झाडलेल्या चर्चमध्ये सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होत, त्याच्या वापरावर १६४५ पासून बंदी होती.