विश्लेषण : कमल रणदिवे यांच्या उंदरांतील विषाणूला पेशी कशी रोखते?

भोसरी एमआयडीसीत १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था म्हणजेच ‘नारी’ स्थापन झाली. तिथे ज्या एचआयव्हीवर संशोधन चालते, तो रेट्रोव्हायरस कुळातला. याच कुळातल्या दुसऱ्या एका विषाणूचा माग पुण्याच्या कमल रणदिवे यांनी कित्येक दशके आधी मुंबईत परळला काढला होता. २०२१ मध्ये गुगलने त्यांचे डूडल केले, पण लक्षात राहिली ती फक्त ‘कॅन्सर संशोधक’ ही ओळख.

कोण होत्या कमल रणदिवे?

माहेरच्या समर्थ. जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, ही त्यांची इच्छा. मुलीने दोन्ही ऐकले नाही. लग्न केले गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी आणि डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएचडी मिळवली. पुढे अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचे तंत्र शिकून त्या परतल्या आणि परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात तशी प्रयोगशाळा उभी केली. १९७३ मध्ये महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले.

उंदरांत नेमके काय होते?

स्तनाचा कर्करोग होणाऱ्या जातीच्या मादीचे दूध प्यायलेल्या पिलांनाही तो होतो, हे १९३६ मध्ये अमेरिकेत दिसले होते. दुधातून जाणारा तो घटक रेट्रोव्हायरस निघाला. (माणसात असे होते हे सिद्ध झालेले नाही.) रणदिवे यांचा प्रश्न होता, आजारात विषाणूचा वाटा किती, संप्रेरकांचा किती आणि आनुवंशिकतेचा किती?

संप्रेरकांनी चालू होणारा ‘स्विच’ पुढे विषाणूच्या जनुकातच सापडला. आनुवंशिकतेचा एक धागा आहे एपोबेक-३ या पेशीतल्या प्रथिनात. चाकणहून निघालेल्या सुट्या भागांच्या खोक्यात कुणी लपून बसावे आणि पुढच्या कारखान्यात जोडणी बिघडवावी, तसे हे प्रथिन नव्या विषाणूकणात शिरते आणि पुढच्या पेशीत त्याची नक्कल होऊ देत नाही. उंदरांच्या जातीनुसार त्याची ताकद कमी-जास्त असते. हे प्रथिन नसलेल्या उंदरांत विषाणू जास्त पसरला.

एचआयव्हीने यावर तोड काढली आहे. त्याचे ‘व्हिफ’ हे प्रथिन माणसातल्या एपोबेक-३जी वर खूण करते आणि पेशीची स्वतःची कचरा-यंत्रणाच त्याला नष्ट करते.

रणदिवे २००१ मध्ये गेल्या. एपोबेक-३जीचे हे काम पुढच्याच वर्षी उजेडात आले, उंदरांवरचा प्रयोग २००७ चा.