माउलीच्या रूपातला देव : रेव्ह. नारायण वामन टिळक

पांढुर्णा व सौंसर ही गावे मध्य प्रदेशात असली तरी तिथल्या पुष्कळ घरांची बोली मराठीच आहे. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. सौंसरजवळ जामसावळीला निजलेल्या मारुतीचे मोठे देवस्थान आहे. शेजारच्या घरी देव्हारा, गावात देऊळ, अशा ठिकाणी वाढणारे आपले मूल रविवारच्या शाळेत केव्हातरी विचारणारच, की मग आपला देव दिसतो तरी कसा?

शिक्षक बहुधा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवतात. गोरा चेहरा, खांद्यावर रुळणारे केस, वर वळलेली शांत नजर. हे चित्र शिकागोच्या वॉर्नर सॉलमन या चित्रकाराने १९४० साली रंगवले व त्याच्या कोट्यवधी प्रती जगभर गेल्या. चारही शुभवर्तमाने वाचून काढली तरी प्रभूच्या रंगाविषयी वा नाकाडोळ्यांविषयी एक शब्द सापडत नाही. एका चित्रकाराच्या कल्पनेला आपण किती सहज प्रमाण मानले!

रेव्ह. नारायण वामन टिळकांनी हे चित्र पाहिले नव्हते. ते त्यापूर्वीच प्रभूकडे गेले होते. पण देवाचे रूप त्यांनी मनात कसे धरले, हे त्यांच्या चरित्रात शोधण्यासारखे आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. वडील वामनराव तापट व कडक स्वभावाचे. आई जानकीबाई प्रेमळ, भाविक, गाण्याकवनांची आवड असलेली. मुलाचा सारा जीव आईत होता, आणि ती त्याच्या लहानपणीच गेली. त्यानंतर त्याने घर सोडले व तो नाशिकला शिकावयास गेला. अशा मुलाला देव हा बाप आहे असे सांगितले तर त्याच्या डोळ्यांपुढे काय उभे राहील? शिक्षकबंधुभगिनींनो, तुमच्या वर्गातही अशी मुले असतात. बापाच्या पावलाची चाहूल लागताच कोपऱ्यात सरकणाऱ्या मुलाला 'स्वर्गीय पिता' हा शब्द आपण कसा समजावून देणार, याचा विचार फार थोडे करतात.

नाशिकला संस्कृताचे अध्ययन झाले. १८८० साली विवाह झाला. पत्नी म्हणजे आपल्या सर्वांना ठाऊक असलेल्या लक्ष्मीबाई. मग कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, अशी भटकंती. १८९१च्या सुमारास ते नागपूरला संस्कृत ग्रंथांच्या कामावर राहिले व तिथे 'ऋषि' नावाचे मासिक काढले. नागपूर म्हणजे पांढुर्णा-सौंसरच्या माणसाला अगदी घरचे. तिथून राजनांदगावला जाताना १८९३ साली आगगाडीत एक युरोपियन गृहस्थ भेटले. संस्कृत काव्यावर बोलणे झाले, आणि उतरताना त्यांनी टिळकांच्या हाती नवा करार दिला.  डोंगरावरील प्रवचनापाशी टिळक थबकले. तिथला पिता पक्ष्यांना खाऊ घालतो, रानफुलांना पांघरूण घालतो, वाईटांवरही पाऊस पाडतो. मला वाटते, बापाचे असे रूप त्यांना पहिल्यांदाच भेटले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. इथे त्यांची बाजू झाकून चालणार नाही. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे त्या मुलाला घेऊन नातलगांकडे राहिल्या. टिळक कोपिष्टही होते आणि उधळेही. घरातले उचलून दुसऱ्याला देत, आणि संसार बिचाऱ्या पत्नीने ओढायचा! १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला. ज्या वडिलांच्या तापटपणाने लहानपण पोळले, त्यांचाच स्वभाव थोडाफार आपल्यात उतरला आहे, ही सल टिळकांना असेल काय? त्यांच्या अभंगांतील पश्चात्ताप वाचताना तसे वाटते खरे.

अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. १९०४ साली त्यांची पाळकदीक्षा झाली. याच काळात त्यांच्या भजनांतून ख्रिस्त माउली होऊन येऊ लागला. हे त्यांनी कोठून आणले? वारकऱ्यांनी कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या विठ्ठलाला विठाई म्हटले होते. मूर्ती पुरुषाची, पण हाक आईची. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक मानीत. आणि ही हाक शास्त्राला परकी नाही. यशयाच्या ६६व्या अध्यायात देव आईसारखे सांत्वन करतो. मत्तयाच्या २३व्या अध्यायात प्रभु स्वतःला पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीसारखा म्हणतो. टिळकांची 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता आपण शाळेत शिकलो. त्यातली घायाळ पक्षीण मरताना पिलांचीच चिंता करते. कवीच्या मनात आई किती खोल बसली होती ते तिथे दिसते.

दुसऱ्या आज्ञेचे भान ठेवणाऱ्या वाचकांना शंका येईल की, हेही मनात मूर्ती घडवणेच नव्हे काय? टिळकांनी माउलीला चेहरा दिला नाही. डोळे कसे, वर्ण कसा, याच्या वाटेला ते गेले नाहीत. मूल अंधारात आईला ओळखते ते स्पर्शाने व आवाजाने, तशी ही ओळख. चित्रकाराची वाट वेगळी. गोव्याच्या आंजेलो द फोन्सेका यांनी मरियेला साडी नेसवली व त्यावरून गोव्यात नाराजी झाली. पुढे पुण्याच्या ज्या ख्रिस्ती आश्रमात ते राहिले, त्याचे संस्थापक विन्स्लो हे टिळकांचे चरित्रकार. चित्रेही हवीत, पण एकच चित्र खरे, असा हट्ट नको.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला, भगवे वस्त्र घेतले आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. मंडळीतील काहींना हे रुचले नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९०९ साली आरंभलेले 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. ज्या लक्ष्मीबाईंना लिहावाचावयास टिळकांनीच शिकविले, त्यांनी ते ओव्यांचे काम हाती घेतले आणि १९३६ साली डोळे मिटेपर्यंत चालविले.