समुद्री कृमींच्या कुळाचा वेध : थॉमस कॉबोल्ड

राजारामपुरीनजीकच्या शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांना हत्तीरोगाच्या कृमीच्या शास्त्रीय नावापुढे कंसात ‘कॉबोल्ड, १८७७’ अशी नोंद आढळते. प्रथम वर्णन करणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव असे जोडण्याचा शास्त्रीय प्रघात आहे. हे कॉबोल्ड म्हणजे ब्रिटिश कृमिशास्त्रज्ञ डॉ. थॉमस स्पेन्सर कॉबोल्ड. सागरी सस्तन प्राण्यांतील परजीवी पर्णकृमींच्या अभ्यासातही त्यांची कामगिरी मोलाची आहे. पण तिची ओळख तुलनेने कमी लोकांना आहे.

त्यांचा जन्म १८२८ मध्ये इंग्लंडमधील इप्सविच येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. एडिंबरा येथे १८५१ मध्ये वैद्यकाची पदवी घेतल्यावर रुग्णसेवेपेक्षा शरीररचनाशास्त्राचे आकर्षण त्यांना अधिक वाटले. प्राण्यांचे विच्छेदन करताना आतड्यांत व यकृतात सापडणारे कृमी इतर अनेक जण टाकून देत. कॉबोल्ड यांनी त्यांनाच अभ्यासाचा विषय केले. शिंशुक या लहान सागरी सस्तन प्राण्याच्या यकृतातील चपट्या कृमीसाठी त्यांनी १८५८ मध्ये ‘कॅम्पुला’ ही प्रजाती स्थापन केली. १८६४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पुढे लंडनच्या पशुवैद्यक महाविद्यालयात त्यांनी कृमिशास्त्राचे अध्यापन केले.

भारताशीही त्यांचा संबंध आला. कलकत्त्याच्या संग्रहालयाचे जॉन अँडरसन यांनी मिळवलेले, गंगेतील सूस व इरावती डॉल्फिन यांच्या शरीरातील पर्णकृमी त्यांनी तपासले. त्यांचे वर्णन १८७६ मध्ये प्रसिद्ध झाले.

या कृमींचे नातलग कोण, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ अनिर्णित राहिला. कॅम्पुलाच्या कुळातील अनेक कृमी यकृतात राहतात. त्यामुळे शेळ्या-मेंढ्या व गुरांच्या यकृतातील पर्णकृमी हेच त्यांचे जवळचे भाऊबंद, असे काही अभ्यासकांचे मत होते. देवमाशांचे पूर्वज सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर चालणारे होते, हे लक्षात घेता हा तर्क पटण्याजोगाही होता. परंतु १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने वेगळा कौल दिला. हे कृमी समुद्री माशांतील एका पर्णकृमी-कुळाला अधिक जवळचे ठरले. नंतरच्या अभ्यासांनीही त्याला दुजोरा दिला. म्हणजे देवमाशांच्या पूर्वजांनी हे परजीवी जमिनीवरून सोबत नेले नसावेत. समुद्रात स्थिरावल्यावर तेथील अन्नसाखळीतूनच ते त्यांच्या शरीरात आले असावेत.

कॉबोल्ड यांच्या काळी जनुकांचे ज्ञान नव्हते. हाताशी होते ते शस्त्र, सूक्ष्मदर्शक आणि चिकाटी. १८८६ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले. कृमींचे नाते ठरवण्यासाठी आधी ते नीट ओळखावे लागतात; त्या ओळखीच्या पायाभरणीत कॉबोल्ड यांचा वाटा मोठा आहे.