रेव्हरंड नारायण वामन टिळक

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) परिसरातील ख्रिस्ती मंडळी रविवारी उपासनेला जमत, तेव्हा म्हटली जाणारी पुष्कळ गीते इंग्रजीवरून भाषांतरित केलेली असत. शब्द मराठी, पण चाल परकी. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या स्त्रियांना आणि टाळ-मृदंगाच्या भजनात रमणाऱ्या पुरुषांना ती आपली वाटणे कठीण होते. देवाची भेट जणू रविवारच्या त्या एका तासापुरतीच राही. ही भेट रोजच्या जगण्यात आणण्याचे काम नारायण वामन टिळक यांनी केले.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. आईचे छत्र त्यांना लहानपणीच हरपले. नाशिक येथे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे शिक्षक, कीर्तनकार, कवी अशा अनेक भूमिकांतून ते गावोगाव हिंडले. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती 'नवा करार' ठेवला. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची फार मोठी किंमत त्यांना मोजावी लागली. आप्त दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई यांची आणि त्यांची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या, तेव्हाही त्यांनी काही काळ आपले सोवळे-ओवळे जपले. टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला.

टिळकांनी धर्म बदलला, पण संतांचा वारसा सोडला नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. म्हणून त्यांनी ख्रिस्ताला आळविले ते अभंगातून, आणि त्याच्यात पाहिले गुरूला व माउलीला. ख्रिस्ती कीर्तन त्यांच्या आधीही या भागात होत असे. टिळकांनी त्यात आपले काव्य आणि संस्कृतचे पांडित्य ओतले. अभंगाला वाद्यमेळ लागत नाही की पुस्तकही लागत नाही. तो शेतात, स्वयंपाकघरात, वाट चालताना, एकट्यालाही म्हणता येतो. ज्या मंडळीतील अनेकांना अक्षरओळख नव्हती, तिच्यासाठी ही गोष्ट लहान नव्हती. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात टिळकांची गीते फार मोठ्या संख्येने आहेत.

सामान्य वस्तूंत ईश्वराची खूण शोधणारी दृष्टी त्यांच्या अन्य कवितेतही दिसते. फुले आणि मुले हे त्यांचे आवडते विषय. 'केवढे हे क्रौर्य!' या कवितेतील घायाळ पक्षिणी पिलांच्या ओढीने घरट्याकडे झेपावते. ती एका पिढीला शाळेतच भेटली. तरुण कवी बालकवी ठोंबरे यांना टिळकांच्या घरात आसरा व माया मिळाली. अनाथ मुलेही त्या घरात वाढली. दारी आलेल्या प्रत्येकात देव पाहणाऱ्या या माणसाच्या हाती पैसा टिकत नसे. संसाराची तोंडमिळवणी करावी लागे ती लक्ष्मीबाईंना. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे ज्या मिस्किलपणे सांगितले आहे, त्याला मराठीत तोड नाही.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी आणि पगार दोन्ही सोडले. वय पंचावन्न, प्रकृती तोळामासा, पदरी संसार. तरीही ते साताऱ्याला गेले आणि तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात स्थान होते. बाप्तिस्म्याविना शिष्यत्व कसे, हा प्रश्न चर्चमधील अनेकांना अस्वस्थ करणारा होता. टिळकांना मात्र परक्या मिशनच्या आधारावर उभी असलेली मंडळी पुरेशी वाटत नव्हती. ख्रिस्त या मातीतल्या घराघरांत राहावा, अशी त्यांची आस होती.

दरबाराला आकार येण्याआधीच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. ख्रिस्ताचे जीवन ओवीबद्ध करण्यासाठी घेतलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ज्यांनी एकेकाळी या धर्माचे नावही घरात येऊ दिले नसते, त्या लक्ष्मीबाईंनी पुढे त्याचे बहुतेक सर्व अध्याय लिहिले.