सर्गेई विनोग्राडस्की

सर्गेई निकोलायेविच विनोग्राडस्की (सप्टेंबर १८५६ – फेब्रुवारी १९५३) हे रशियन साम्राज्यातील कीव येथे जन्मलेले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. मृदा सूक्ष्मजीवशास्त्र आणि सूक्ष्मजीवांची परिस्थितिकी या विषयांच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. असेंद्रिय पदार्थांच्या ऑक्सिडीकरणातून ऊर्जा मिळवून, प्रकाशाविना जगणारे जीवाणू त्यांनी प्रथम दाखवून दिले. गंधक व नायट्रोजन यांसारखी मूलद्रव्ये सजीव आणि निर्जीव सृष्टीत फिरती राहण्यास अशा जीवाणूंची गरज असते, हे त्यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले.

प्रारंभिक जीवन

विनोग्राडस्की यांचा जन्म एका सधन कुटुंबात झाला. कीव विद्यापीठातील शिक्षणात मन न रमल्याने ते सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात पियानो शिकण्यासाठी दाखल झाले. संगीतही त्यांना पुरेसे वाटले नाही. इ.स. १८७७ मध्ये त्यांनी सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात निसर्गविज्ञानाचा अभ्यास सुरू केला आणि १८८१ मध्ये पदवी मिळवली. इ.स. १८८५ मध्ये ते वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांच्या प्रयोगशाळेत काम करण्यासाठी स्ट्रासबर्ग येथे गेले. हे शहर त्या वेळी जर्मनीत होते.

गंधक जीवाणू

स्ट्रासबर्ग येथे त्यांनी बेगियाटोआ या तंतुमय जीवाणूचा अभ्यास केला. हा जीवाणू सडक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या गंधकयुक्त झऱ्यांत वाढतो आणि त्याच्या तंतूंत गंधकाचे चकाकणारे कण दिसतात. हायड्रोजन सल्फाइड असलेल्या पाण्यात ठेवल्यावर हे कण वाढत. तो वायू मिळेनासा झाला की कण नाहीसे होत आणि जीवाणूची उपासमार होई. नाहीशा झालेल्या गंधकाचे रूपांतर सल्फेटमध्ये होत असे. यावरून, इतर सजीवांना जी ऊर्जा सेंद्रिय अन्नातून मिळते ती या जीवाणूला हायड्रोजन सल्फाइडच्या ऑक्सिडीकरणातून मिळते, असा निष्कर्ष त्यांनी १८८७ मध्ये मांडला. त्यानंतर त्यांनी लोह जीवाणूंचाही अभ्यास केला.

नायट्रीकरणाचे कोडे

इ.स. १८८८ मध्ये द बारी यांचे निधन झाले आणि विनोग्राडस्की झुरिक येथे गेले. तेथे त्यांनी शेतीच्या दृष्टीने कळीचा असलेला एक प्रश्न हाती घेतला. पालापाचोळा, शेण व मृत प्राणी कुजताना त्यांतील नायट्रोजन अमोनियाच्या रूपात मोकळा होतो. हवेशीर जमिनीत मात्र पिकांना तो बहुतांशी नायट्रेटच्या रूपात मिळतो. हा बदल सजीवांमुळे होतो, हे श्लोझिंग व म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ मध्ये सिद्ध केले होते. क्लोरोफॉर्मची वाफ दिल्यावर मातीतील ही क्रिया थांबत असे. परंतु तो सजीव कोणता, हे कोणालाच सापडत नव्हते.

अडचण पद्धतीत होती. त्या काळी जीवाणू वेगळे करण्यासाठी जिलेटिनयुक्त सकस माध्यम वापरीत. त्यावर इतर जीवाणू भराभर वाढत आणि हवा असलेला जीवाणू मिळत नसे. विनोग्राडस्की यांनी माध्यमातून सेंद्रिय अन्न काढून टाकले आणि केवळ अमोनियाचे क्षार व इतर खनिजे ठेवली. अशा माध्यमात बाकीचे जीवाणू मागे पडले आणि नायट्रीकरण करणारे वाढत राहिले. पुढे त्यांना वेगळे करण्यासाठी त्यांनी सिलिकाच्या असेंद्रिय जेलीचा उपयोग केला.

या प्रयोगांतून नायट्रीकरण दोन टप्प्यांत होते असे आढळले. जीवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. हे जीवाणू शरीरासाठी लागणारा कार्बन अंधारातही कार्बन डायऑक्साइडपासून मिळवतात, असेही दिसून आले. कार्बन डायऑक्साइडपासून अन्न तयार करण्याची क्षमता केवळ प्रकाशातील हिरव्या वनस्पतींत असते, या तत्कालीन समजुतीला त्यामुळे धक्का बसला. या क्रियेला पुढे रासायनिक संश्लेषण असे नाव मिळाले.

सेंट पीटर्सबर्ग येथील कार्य

पॅरिसच्या पाश्चर संस्थेचे निमंत्रण न स्वीकारता विनोग्राडस्की १८९१ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील प्रायोगिक वैद्यक संस्थेत रुजू झाले. तेथे त्यांनी हवेतील नायट्रोजनचे स्थिरीकरण करणारा, वनस्पतींच्या मुळांशी सहजीवन न करता जमिनीत स्वतंत्रपणे जगणारा व ऑक्सिजनविना वाढणारा जीवाणू शोधला. लुई पाश्चर यांच्या सन्मानार्थ त्याला क्लॉस्ट्रिडियम पाश्चरियानम हे नाव देण्यात आले. इ.स. १८९६ मधील एका व्याख्यानात त्यांनी जीवसृष्टीच्या सर्वसाधारण चक्रातील सूक्ष्मजीवांची भूमिका मांडली. परिसंस्था ही संज्ञा आर्थर टॅन्स्ली यांनी १९३५ मध्ये वापरण्याच्या जवळपास चार दशके आधीचा हा विचार होता.

विनोग्राडस्की स्तंभ

त्यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रयोग आजही अनेक प्रयोगशाळांत केला जातो. तळ्यातील चिखल, कागदाचे तुकडे आणि जिप्सम काचेच्या उंच नळीत भरून नळी अनेक आठवडे उजेडात ठेवतात. तळाशी सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करणारे जीवाणू वाढतात व चिखल काळा पडतो. त्याच्या वर हिरव्या व जांभळ्या गंधक जीवाणूंचे थर आणि सर्वांत वर शैवले दिसू लागतात. एका थरातील टाकाऊ पदार्थ दुसऱ्या थराचे अन्न ठरतो. बाहेरून प्रकाशाची ऊर्जा येत राहते, तर नळीतील गंधक तेथेच पुन्हा पुन्हा वापरले जाते.

देशत्याग व पुनरागमन

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रकृतीच्या कारणाने त्यांनी संशोधनातून निवृत्ती घेतली आणि ते युक्रेनमधील आपल्या जमिनीच्या व्यवस्थापनात रमले. १९१७ च्या क्रांतीनंतर त्यांना मालमत्ता व देश दोन्ही सोडावे लागले. बेलग्रेड विद्यापीठात काही काळ शिकवल्यानंतर, एमिल रू यांच्या निमंत्रणावरून ते १९२२ मध्ये पाश्चर संस्थेत दाखल झाले. त्या वेळी त्यांनी पासष्टी ओलांडली होती. पॅरिसजवळील ब्री-कोंत-रोबेर येथील प्रयोगशाळेत त्यांनी पुन्हा मातीकडे लक्ष वळवले. प्रयोगशाळेतील सकस माध्यमात वाढवलेल्या जीवाणूंवरून जमिनीतील त्यांचे वर्तन कळत नाही, असे त्यांचे मत होते. जमिनीत कायम संथपणे वावरणारे आणि ताजे सेंद्रिय द्रव्य मिळताच झपाट्याने वाढणारे असे जीवाणूंचे दोन गट त्यांनी कल्पिले. इ.स. १९३५ मध्ये त्यांना लेव्हेनहूक पदक मिळाले. त्यांच्या मृदा सूक्ष्मजीवशास्त्रावरील लेखांचा फ्रेंच ग्रंथ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्री-कोंत-रोबेर येथेच त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

पुढील संशोधनाने त्यांच्या चित्रात काही भर घातली. अमोनियाचे ऑक्सिडीकरण आर्किया या जीवाणूंहून भिन्न सूक्ष्मजीवांतही होते, हे २००५ मध्ये कळले. नायट्रीकरणाचे दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारे जीवाणूही असतात, हे २०१५ मध्ये आढळले. तसेच नायट्रीकरणासाठी लागणारा ऑक्सिजन प्रकाशसंश्लेषणातून येत असल्याने हे जीवाणू हिरव्या सृष्टीपासून पूर्णपणे स्वतंत्र नाहीत. तरीही विशिष्ट मूलद्रव्याचे विशिष्ट रूपांतर करणारा सूक्ष्मजीव त्याच्या नैसर्गिक गरजांनुसार शोधण्याची त्यांची पद्धत आजही वापरात आहे. सांडपाणी शुद्धीकरण व जमिनीची सुपीकता या क्षेत्रांतील अभ्यासाला त्यांच्या नायट्रीकरणविषयक संशोधनाचा आधार आहे.