विषाचा माग काढणारा माणूस : आर. टी. विल्यम्स

बेंझिनचा षट्कोन आपण सगळ्यांनीच वहीत काढलाय. मार्क मिळाले, विषय संपला. पण पेट्रोलच्या वाफेबरोबर हेच बेंझिन शरीरात गेलं तर पुढे त्याचं काय होतं? या प्रश्नासाठी रिचर्ड टेक्विन विल्यम्स यांनी उभं आयुष्य दिलं.

त्यांचा जन्म १९०९ सालचा, वेल्समधल्या ॲबरटिलरी या कोळशाच्या खाणींच्या गावचा. कार्डिफला शिकताना जॉन प्राइड यांच्या हाताखाली त्यांनी बोर्निऑलवर, म्हणजे आपल्या भीमसेनी कापरावर, काम केलं. हा पदार्थ कुत्र्याच्या पोटात गेला की लघवीतून ग्लुक्युरॉनिक आम्लाशी जोडून बाहेर येतो. साखरेच्या कुळातलं हे आम्ल पुढे जन्मभर त्यांच्या सोबतीला राहिलं. बर्मिंगहॅम, लिव्हरपूल करत १९४९ मध्ये ते लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलच्या मेडिकल स्कूलमध्ये प्रोफेसर झाले.

१९५३ मध्ये डेनिस पार्क यांच्यासोबत त्यांनी किरणोत्सारी कार्बन असलेलं बेंझिन सशांना दिलं. बराच भाग श्वासावाटे जसाच्या तसा बाहेर पडला, बराचसा लघवीत फिनॉल वगैरे होऊन आला. बेंझिन तेलकट, पाण्यात विरघळत नाही, म्हणून किडनीला ते टाकता येत नाही. मग लिव्हर दोन टप्प्यांत काम करतं. आधी ऑक्सिजन चिकटवायचा, मग त्यावर ग्लुक्युरॉनिक आम्ल किंवा सल्फेट जोडायचं. १९५९ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी मांडलेले हे दोन टप्पे आजही शिकवले जातात.

पुढचा प्रश्न होता, माल लघवीतून जाणार की पित्तातून? त्यांच्या विभागाला उत्तर सापडलं रेणूच्या वजनात. पित्तातून भरपूर जायला उंदराच्या जातीच्या रॅटमध्ये साधारण ३२५, गिनीपिगमध्ये ४००, सशात ४७५ वजन लागतं. फिनॉलला आम्ल जोडलं की वजन होतं २७०, म्हणून ते लघवीत. धुरातल्या बेंझोपायरीनचं तसंच रूप ४४४ च्या घरात, म्हणून रॅटमध्ये ते मुख्यतः पित्तात. तिथून आतड्यात गेलं तरी सुटका नाही! जंतू ती जोडणी तोडतात आणि पदार्थ परत रक्तात येऊ शकतो.

म्हणजे एका प्राण्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणं धोक्याचं. थॅलिडोमाइडमुळे हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली, तेव्हा त्या औषधाचा मागही विल्यम्स यांच्या विभागाने काढला. शिवाय पहिला टप्पा दरवेळी विष कमी करतोच असं नाही. बेंझोपायरीनला ऑक्सिजन चिकटल्यावरच ते डीएनएला जाऊन बिलगतं, हे १९७० च्या दशकात इतरांनी दाखवलं. सिगरेट ओढणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

१९६७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १९७९ मध्ये गेले. दहा वर्षांनी अलास्कात एक्सॉन वाल्डीझ जहाजाचं तेल समुद्रात सांडलं, तेव्हा मासे तेलात सापडले होते का हे शास्त्रज्ञांनी माशांच्या पित्तातूनच तपासलं.

कारखान्यातला कचरा कुठे जातो, हे इंजिनिअरने विचारायला हवं ना? विल्यम्स यांनी तेच शरीराला विचारलं.