लोकमान्य टिळक : गौरव आणि वाद

१ ऑगस्ट या दिवशी शाळांमध्ये दोन प्रतिमांना हार घातले जातात. १९२० साली या तारखेला मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि त्याच दिवशी वाटेगावी अण्णाभाऊ साठे जन्मले. आपले विद्यार्थी अण्णाभाऊंवर हिरिरीने बोलतात. टिळकांवरील भाषण मात्र बहुधा शेंगांच्या टरफलांपाशीच थांबते. पुढे मोठे झाल्यावर कोणी टिळकांना केवळ वंदन करतो, कोणी केवळ नाकारतो. इतिहास शिकविणाऱ्याला या दोन्ही सोयी उपलब्ध नाहीत.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील शिक्षक. गणिताचा आणि पुढे कायद्याचा अभ्यास करूनही त्यांनी सरकारी नोकरीची वाट धरली नाही. १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांसोबत ते पुण्यातील न्यू इंग्लिश स्कूलच्या उभारणीत पडले, लवकरच आगरकर येऊन मिळाले आणि १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत असल्याचे लेखन केल्याबद्दल १८८२ मध्ये टिळक-आगरकरांवर खटला झाला. त्या वेळी दहा हजार रुपयांचा जामीन दिला तो महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी रामशेठ उरवणे यांनी. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून दोघे सुटले, तेव्हा सत्यशोधकांनी त्यांचे स्वागत केले. हा प्रसंग आपल्या वाचकांनी विसरू नये. वैचारिक शत्रुत्व त्या वेळी ठरून गेलेले नव्हते.

वाटा फुटल्या त्या समाजसुधारणेच्या प्रश्नावर. राजकीय स्वातंत्र्य आधी, सुधारणा मागाहून, अशी टिळकांची भूमिका होती. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा केले. स्वतः टिळकांनी मुलींची लग्ने सोळा वर्षांपूर्वी करू नयेत असे सुचविले होते. पण परकीय सरकारने धर्माच्या व्यवहारात हात घालू नये म्हणून ते कायद्याच्या विरोधात उभे राहिले. १८९५ मध्ये पुण्यात काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा त्याच मंडपात सामाजिक परिषद भरू देण्यास टिळकपक्षाने विरोध केला आणि न्यायमूर्ती रानडे यांना ती अन्यत्र हलवावी लागली. बाबासाहेबांनी १९३६ मधील आपल्या जातिनिर्मूलनावरील ग्रंथात या घटनेला महत्त्व दिले आहे, ते अकारण नव्हे. राजकारणाच्या मंडपातून समाजाचा प्रश्न बाहेर गेला तो येथे.

परंतु याच माणसाने राजकारण सुशिक्षितांच्या दिवाणखान्यातून रस्त्यावर आणले, हेही तितकेच खरे. १८९७ मध्ये राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची शिक्षा; १९०८ मध्ये पुन्हा सहा वर्षांची. या दुसऱ्या शिक्षेच्या निषेधार्थ मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, गोळीबार सोसला. शिक्षेच्या प्रत्येक वर्षासाठी एक दिवस! त्या कामगारांत बहुजन समाजातील माणसेच बहुसंख्य होती. टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना १९१२ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. तेथेच त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहून काढले. या त्यागाला उणे लेखणारा मनुष्य इतिहासाचा विद्यार्थी म्हणवून घेऊ शकत नाही.

मात्र लोकांना एकत्र आणताना टिळकांनी हाती घेतलेली साधने परंपरेची होती. गणेशोत्सव १८९३ पासून सार्वजनिक झाला. १८९६ मध्ये रायगडावर शिवोत्सव झाला. शिवरायांना शेतकऱ्यांचा राजा म्हणून गाणारा पोवाडा जोतीरावांनी १८६९ मध्येच रचला होता. आता त्याच शिवरायांच्या नावाने उत्सव करणाऱ्या नेत्याची कसोटी लागणार होती. कोल्हापूरचे शाहू महाराज वेदोक्त विधींचा अधिकार मागू लागले, तेव्हा १९०१ मध्ये ‘केसरी’ने या मागणीला खूळ ठरविले. छत्रपतींसाठी तुरुंगात गेलेल्या टिळकांना छत्रपतींचा धार्मिक अधिकार मात्र मानवला नाही. १८८२ आणि १९०१ ही दोन्ही साले एकाच चरित्रातली आहेत, ती एकत्रच वाचावी लागतात.

१९१६ च्या लखनौ करारात टिळकांनी मुस्लिमांचे स्वतंत्र मतदारसंघ मान्य केले. पुढच्याच वर्षी अथणीच्या सभेत मात्र कुणबी, शिंपी, तांबोळी यांना कायदेमंडळात जाऊन काय करायचे आहे, अशा आशयाची टर त्यांनी उडविली. ब्राह्मणेतर समाजाच्या मनात ती कायमची रुतली. मार्च १९१८ मध्ये मुंबईत महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यता निवारण परिषद झाली. तेथे टिळकांनी अस्पृश्यता मानणाऱ्या ईश्वरालाच आपण मानणार नाही, असा निर्वाळा दिला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मग एक प्रतिज्ञापत्रक पुढे केले: वैयक्तिक आचरणात अस्पृश्यता पाळणार नाही, एवढाच त्याचा मजकूर. त्यावर टिळकांची सही झाली नाही. माझ्या मते टिळकांविषयीचा सारा वाद त्या कोऱ्या राहिलेल्या जागेत साठलेला आहे. जो राजद्रोहाच्या शिक्षेला भ्याला नाही, तो जातभाईंच्या नाराजीपुढे थबकला.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ निघाला. पैसे भरण्याची तयारी असूनही त्याची जाहिरात ‘केसरी’ने छापली नाही. सहा महिन्यांनी टिळक गेले. मुंबईत अंत्ययात्रेला अपार जनसमुदाय लोटला.

टिळकांच्या घरातली पुढची गोष्ट पाठ्यपुस्तकांत येत नाही. त्यांचे पुत्र श्रीधरपंत हे बाबासाहेबांचे स्नेही. गणेशोत्सवात अस्पृश्यांचा मेळा त्यांनी गायकवाड वाड्यात आणला. एप्रिल १९२८ मध्ये त्याच वाड्यात समाज समता संघाची शाखा काढून त्यांनी बाबासाहेबांच्या उपस्थितीत सहभोजन घडविले. पुण्यातील सनातन्यांचा आणि वडिलांच्या अनुयायांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. २५ मे १९२८ रोजी श्रीधरपंतांनी आपले जीवन संपविले. त्या दिवशी लिहिलेल्या अखेरच्या पत्रांपैकी एक बाबासाहेबांच्या नावे होते.